तळहातावरील इंजिनाची बखर

माझ्या लिहिण्याच्या मेजावर, शब्दकोश आणि टाकदाणी यांच्या मधल्या जागेत, जेमतेम चार इंच लांबीचे एक पिवळे इंजिन उभे असते. त्याच्या टाकीच्या अंगावर सोनेरी अक्षरांत ‘स्टेपनी’ असे नाव आहे, धुराड्याच्या माथ्याला तांब्याची कड आहे, चौकट डाळिंबी रंगाची आहे आणि पिवळ्या पृष्ठभागाच्या कडेने गर्द हिरवी पट्टी, तिला लागून काळ्या, पांढऱ्या व तांबड्या रेघा अशी नाजूक वेलबुट्टीसारखी आखणी आहे. दुसऱ्याच्या संग्रहातून ते माझ्याकडे आले तेव्हा ते मला सर्वांगपरिपूर्ण वाटले होते; परंतु जुनी छायाचित्रे न्याहाळण्यात वर्षभर घालविल्यावर माझ्या ध्यानात आले की, त्याचा रंग १८७५ सालचा असला तरी त्याची धूम्रपेटी, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या टोकाला धुराड्याखाली असणारा गोल कोठा, १९११ नंतरच्या धाटणीची आहे. पेशवाईतील पगडी घातलेल्या गृहस्थाच्या अंगात हायकोर्टाच्या वकिलाचा काळा कोट असावा, तशातला हा प्रकार होता. त्या एका विसंगतीने मला ज्या विद्येच्या नादी लावले, तिचा परिचय मराठी वाचकांस करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही विद्या म्हणजे इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड येथील रेल्वे कंपन्यांचे एकत्रीकरण होण्यापूर्वीच्या काळातील वाफेच्या इंजिनांच्या प्रतिकृती जमविणे आणि त्या प्रतिकृतींत आपल्या हाताने फेरफार करणे. १९१४ साली महायुद्धास तोंड लागताच ब्रिटिश सरकारने सर्व प्रमुख रेल्वे आपल्या हुकमतीखाली घेतल्या, आणि १९२१ पर्यंत त्या तशाच राहिल्या. ज्या वेळी त्या पुन्हा भागधारकांच्या हवाली करावयाच्या झाल्या त्या वेळी त्यांपैकी अनेकींचा ताळेबंद इतका खिळखिळा झाला होता की, त्यांना पूर्ववत् स्वतंत्र सोडणे सरकारला धोक्याचे वाटले. म्हणून १९२१ चा रेल्वे कायदा संमत झाला आणि १ जानेवारी १९२३ पासून सुमारे १२० लहानमोठ्या कंपन्या केवळ चार कंपन्यांत विलीन झाल्या. दक्षिणी संस्थाने १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाली तेव्हा सांगली, औंध, भोर, फलटण यांची निशाणे, मुद्रा, दरबारी पोषाख आणि कचेऱ्यांचे शिरस्ते एका दिवसात इतिहासजमा झाले, हे ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे, किंवा १९५१ साली ‘जी. आय. पी.’ हे नाव जाऊन मध्य रेल्वे हे नाव आल्यावरही कित्येक वर्षे जुनी माणसे ‘जीआयपी’च म्हणत असत हे ज्यांना आठवते, त्यांना या घटनेचा मर्मार्थ वेगळा सांगावयास नको. प्रत्येक कंपनी हे एक संस्थानच होते. क्रू, स्विंडन, डर्बी, डॉन्कास्टर, ब्रायटन, ॲशफर्ड अशी त्यांची कारखान्यांची गावे होती. प्रत्येक कारखान्याचा एक मुख्य अभियंता असे आणि धुराड्याचा घाट कसा असावा येथपासून चालकाच्या केबिनचे छत कोणत्या कोनात वाकवावे येथपर्यंत त्याचा शब्द अखेरचा मानला जाई.

रंगांच्या बाबतीत तर या संस्थानांचा अभिमान डोळे दिपविणारा होता. मिडलंडची इंजिने किरमिजी, ग्रेट ईस्टर्नची गडद निळी, कॅलेडोनियनची त्याहून फिकी निळी, ग्रेट नॉर्दर्नची गवतासारखी हिरवी. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नने मात्र काळा रंग पत्करला, पण तोही असा घोटून चकाकविलेला आणि तांबड्या, राखी व मलईच्या रंगाच्या रेघांनी असा खुलविलेला की, त्याला लोक पिकलेल्या करवंदासारख्या एका रानफळाचे नाव देत. साउथ ईस्टर्न अँड चॅटम कंपनीच्या १९०१ च्या ‘डी’ वर्गातील इंजिनांवर तर पितळी घुमट झळाळत असे आणि हिरव्या अंगावर रेघांची इतकी गर्दी असे की, ती इंजिने ओढण्यासाठी होती की मिरविण्यासाठी, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडावा. महायुद्धात माणसे व रंग दोन्ही महाग झाल्यावर त्याच कंपनीने आपली इंजिने करड्या रंगात बुडविली. या दोन टोकांमध्ये पुरती वीस वर्षेदेखील गेली नव्हती. आणि संग्राहकाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण एकच इंजिन १९०५ साली राजवस्त्रात आणि १९१७ साली जणू सुतकात असे दिसत असल्यामुळे, ‘हे कोणते इंजिन?’ या प्रश्नाच्या आधी ‘हे कोणत्या सालचे?’ हा प्रश्न विचारल्यावाचून त्याची प्रतिकृती खरी की खोटी हे ठरविताच येत नाही.

माझ्या मेजावरील इंजिन हे लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेच्या ज्या वर्गातील आहे, त्याला दप्तरी ‘ए-१’ म्हणत आणि लोक ‘टेरियर’ म्हणत. टेरियर ही चपळ, लहानखुरी शिकारी कुत्र्याची जात, आणि या इंजिनाच्या वाफेचा फुत्कार तिच्या भुंकण्यासारखा वाटे म्हणून हे नाव पडले. विल्यम स्ट्राउडली हा गृहस्थ १८७० साली ब्रायटनच्या कारखान्याचा प्रमुख झाला, त्या वेळी तेथील इंजिनखान्यात इतक्या भिन्न जातींची इंजिने गोळा झाली होती की, एकाचा सुटा भाग दुसऱ्याला लागू पडण्याची मारामार. त्याने थोडेच नमुने ठरविले आणि त्यांचे भाग परस्परांना चालतील अशी व्यवस्था लावली. १८७२ ते १८८० या काळात त्याने बांधलेली ५० टेरियर इंजिने ही त्या शिस्तीचे सर्वांत देखणे फळ होय. सहा चाके, प्रत्येकाचा व्यास अवघा चार फूट, आणि एकंदर वजन साडेसत्तावीस टनांच्या आसपास. दक्षिण व पूर्व लंडनमधील हलक्या रुळांवरून आणि मार्क ब्रुनेलने थेम्स नदीखालून खणलेल्या बोगद्यातून माणसांनी भरलेल्या गाड्या ओढावयाच्या, हे त्यांचे नेमून दिलेले काम. बोगद्यात धूर व वाफ कोंडू नये म्हणून वापरलेली वाफ नळ्यांनी बाजूच्या टाक्यांतील पाण्यात सोडून तिचे पाणी करण्याची योजना त्यांच्यात होती; टाकीच्या माथ्याकडे वळत गेलेली ती नळी प्रतिकृतीतही दिसली पाहिजे, आणि ती नसली तर जाणत्याची दृष्टी प्रथम तेथेच अडखळते. वॉपिंग, पॉप्लर, डेप्टफर्ड, शॅडवेल अशी लंडनच्या वस्त्यांची नावे त्यांच्या टाक्यांवर रंगविलेली असत, म्हणजे आपल्याकडे उपनगरी गाडीच्या इंजिनावर भायखळा, परळ, चिंचपोकळी असे लिहिल्यासारखेच ते होते. आणि मोलमजुरीस जाणाऱ्या माणसाला आपल्या वस्तीचे नाव सोन्याच्या अक्षरांत धावताना पाहून काय वाटत असेल, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. त्यांपैकी ‘ब्रायटन’ नावाच्या इंजिनाला १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. स्ट्राउडलीचे देहावसानही १८८९ साली पॅरिसमध्येच झाले. तेथील प्रदर्शनास पाठविलेल्या आपल्या इंजिनाच्या कामी तो गेला होता.

गाड्या जड होत गेल्या तशी ही छोटी इंजिने लंडनमध्ये अपुरी पडू लागली. काही मोडीत निघाली, काही विकली गेली, आणि जी उरली त्यांच्यातील बऱ्याच जणांना १९११ पासून नवा बॉयलर व लांब धूम्रपेटी बसवून ‘ए-१-एक्स’ हा नवा हुद्दा देण्यात आला. माझ्या ‘स्टेपनी’चे सेवापुस्तक म्हणजे त्याच्यावरील क्रमांकांची वंशावळच आहे. १८७५ साली जन्मले तेव्हा त्याचा क्रमांक ५५. पुढे जुन्या इंजिनांची दुय्यम फेरिस्त करून मूळ क्रमांकात ६०० मिळविण्याचा शिरस्ता पडला, तेव्हा ६५५. एकत्रीकरणानंतर सदर्न रेल्वेने ब्रायटनची इंजिने ओळखू यावीत म्हणून आधी ‘बी’ हे अक्षर जोडले आणि नंतर त्याऐवजी २००० मिळविले, तेव्हा २६५५. आणि १९४८ साली राष्ट्रीयीकरण झाल्यावर ३२६५५. म्हणून प्रतिकृतीवर ६५५ हा आकडा आणि टाकीवर पिवळ्या रंगात ‘स्टेपनी’ हे नाव एकत्र दिसले की, पोथीतील क्षेपक श्लोक ओळखावा तसे ते पारखावे लागते. याहूनही नाट्यमय चरित्र ‘न्यूइंग्टन’ नावाच्या टेरियरचे आहे. १८७६ साली ते ब्रायटनला बांधले गेले. १९०३ साली लंडन अँड साउथ वेस्टर्न कंपनीने लाइम रीजिसच्या नव्या, वळणावळणांच्या शाखामार्गासाठी ते विकत घेतले. तेथून ते वाइट बेटावरील एका चिमुकल्या रेल्वेकडे गेले. एकत्रीकरणात सदर्नकडे आले. निवृत्तीनंतर हेलिंग बेटावरील एका मद्यगृहाच्या दारात पाटीसारखे उभे राहिले. आणि १९७९ साली पुन्हा वाइट बेटावर जाऊन कालांतराने धावू लागले. एकाच लोखंडी देहाची ही इतकी रूपे असल्यामुळे, केवळ टेरियरच जमविण्याचे व्रत घेतलेला मनुष्यही जन्मभर रिकामा राहणार नाही.

प्रतिकृतींचा संग्रह करणाऱ्यांत मात्र दोन पंथ आहेत, आणि त्यांचे परस्परांशी पटत नाही. पहिला पंथ जुन्या खेळण्यांचा. नॉर्दॅम्प्टन येथील बॅसेट-लोक या गृहस्थाने १८९९ च्या सुमारास प्रतिकृतींचा व्यवसाय आरंभिला, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात जर्मन कारागिरांची कामे पाहिली, आणि न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याकडून ब्रिटिश इंजिनांच्या पत्र्याच्या प्रतिकृती करवून आणल्या. त्यापूर्वी इंग्रज मुलांच्या हाती पडणारी खेळण्यातली इंजिने ही कोणत्याच खऱ्या इंजिनासारखी नसत. बॅसेट-लोकने विकलेले लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नचे ‘ब्लॅक प्रिन्स’ किंवा ‘जॉर्ज द फिफ्थ’ ही इंजिने ज्या वर्षी मुलांनी चावी देऊन दिवाणखान्यात फिरविली, त्याच वर्षी त्यांची थोरली भावंडे क्रूच्या कारखान्यातून बाहेर पडत होती वा मुख्य मार्गावर धावत होती. त्यामुळे ती खेळणी आज त्या काळाची समकालीन साक्षीदार ठरतात. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९२० साली आपल्या गाड्या बाजारात आणल्या तेव्हा जुन्या कंपन्यांना तीनच वर्षांचे आयुष्य उरले होते, आणि एकत्रीकरण होताच खेळण्यांवरही नव्या चार कंपन्यांची आद्याक्षरे झळकू लागली. अशा जुन्या पत्र्याच्या इंजिनाचा मूळ रंग उडालेला असला, कोपरे दबलेले असले, तरी त्याला हात लावू नये, असे हा पंथ मानतो. आणि त्यांचे हे म्हणणे मला सर्वथा मान्य आहे. मोडी लिपीतील जीर्ण कागदावर नवी शाई फिरवून तो ‘सुवाच्य’ करणारा मनुष्य कागदाचा पुरावा नष्ट करतो. शंभर वर्षांपूर्वीचा छापील रंग खरवडून त्यावर नवा रंग चढविणाराही तेच करतो. काही वेळा तर हात न लावताही वस्तू हातची जाते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जस्ताच्या मिश्रधातूचे जे ओतीव भाग तयार झाले, त्यांत शिशाचा किंचितही अंश मिसळला गेला असेल, तर तो धातू आतून फुगतो, त्याला भेगा पडतात आणि शेवटी चाके बिस्किटासारखी कुसकरतात. या रोगावर औषध नाही. फक्त कोरडी व समशीतोष्ण जागा दिली तर तो थोडा मंदावतो.

दुसरा पंथ फेरफार करणाऱ्यांचा, आणि त्याचे साहित्य वेगळे. अलीकडच्या काळात कारखान्यातून हजारोंनी निघालेल्या प्रतिकृती, पांढऱ्या धातूच्या ओतीव भागांचे किंवा आम्लाने कोरलेल्या पितळी पत्र्यांचे संच, यांवर त्याची कानस चालते. येथे पुराव्याचा नाश होत नाही, उलट पुराव्यानुसार दुरुस्ती होते. कारखानदाराची अडचणही समजून घेतली पाहिजे. पोलादी साचा तयार करणे अतिशय खर्चाचे असते, म्हणून एकाच साच्यातून निघालेल्या अंगावर पाच-सहा कालखंडांचे रंग चढवून तो खर्च भरून काढावा लागतो. आणि त्या रंगांपैकी ज्यांचा अंगाशी मेळ बसत नाही त्यांची जबाबदारी ग्राहकाच्या डोळ्यांवर सोपविली जाते.

शिवाय एक तडजोड अशी आहे की जी सर्वच प्रतिकृतींच्या पायाशी, अगदी अक्षरशः पायाशी, बसलेली आहे. इंग्लंडात रुळांमधील खरे अंतर चार फूट साडेआठ इंच. एका फुटाला चार मिलिमीटर हे जे प्रमाण तेथे रूढ आहे, त्यानुसार लहान रुळांतील अंतर १८.८३ मिलिमीटर भरावयास हवे. प्रत्यक्षात दुकानात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात, म्हणजे ती गाडी जणू चार फूट दीड इंचाच्या मार्गावर धावते. याचे कारण इतिहासात आहे. साडेतीन मिलिमीटरच्या प्रमाणासाठी हे रूळ योग्य होते; परंतु ब्रिटिश गाड्यांचे बांधे युरोपातील गाड्यांहून मुळातच अरुंद असल्यामुळे त्या प्रमाणात केलेल्या इंजिनाच्या पोटात त्या काळची विजेची मोटर मावेना, म्हणून रूळ तेच ठेवून अंग तेवढे चार मिलिमीटरच्या प्रमाणाने फुगविण्यात आले. १९३८ साली हॉर्नबीच्या ‘डब्लो’ गाड्यांनी ही विसंगती घरोघर नेली आणि ती कायमची झाली. समोरून पाहिले असता चाके अंगाखाली लपून गेल्यासारखी दिसतात. ज्यांना हे सहन होत नाही ते चाके काढून, आस लांबवून १८.२ किंवा नेमके १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतः अंथरतात. एकत्रीकरणपूर्व इंजिनांच्या बाबतीत या खटाटोपाला विशेष अर्थ आहे, कारण त्या काळचे बॉयलर बारीक असत आणि बॉयलरखालून पलीकडचा उजेड दिसे. जाड मोटर आणि अरुंद चाके या दोहोंनी तो उजेड बुजला की, त्या इंजिनाचा सारा डौल हरपतो.

माझ्या ‘स्टेपनी’पुढे मला तीन मार्ग खुले होते. पिवळा रंग काढून ब्रायटनच्या कारखान्याचा पुढचा एक प्रमुख डग्लस मार्श याने १९०५ नंतर आणलेला गडद तपकिरी रंग द्यावा, नाव पुसून कंपनीची आद्याक्षरे लिहावीत, म्हणजे लांब धूम्रपेटीचे अंग १९१२ नंतरचे म्हणून शोभेल, हा पहिला. काहीच न करता उभे ठेवावे, हा दुसरा, आणि तो वाटतो तितका आळशीपणाचा नाही. कारण खऱ्या ‘स्टेपनी’ला १९६० साली ससेक्समधील ब्लूबेल रेल्वेच्या हौशी मंडळींनी विकत घेतले आणि नव्या बॉयलरच्या त्या अंगावर पुढे स्ट्राउडलीचा जुना पिवळा रंगच चढविला, म्हणजे माझी प्रतिकृती १८७५ साठी खोटी असली तरी जतन केलेल्या इंजिनाची म्हणून खरीच ठरली असती! मी तिसरा मार्ग धरला. मला स्ट्राउडलीच्या हयातीतले इंजिन हवे होते.

प्रथम धूम्रपेटी पुढून कापून आखूड केली. त्यानंतर वाळूच्या पेट्यांकडे वळलो. निसरड्या रुळांवर वाळू सोडण्यासाठी असलेल्या या पेट्या मूळच्या इंजिनात पुढच्या चाकावरील आच्छादनाशी एकजीव केलेल्या असत आणि पुनर्बांधणीत त्या खाली गेल्या, म्हणून खालच्या पेट्या काढून वरच्या पितळी पत्र्यातून घडवून बसवाव्या लागल्या. ब्रेकचे ठोकळे मुळात लाकडाचे होते. ते लाकडी भासतील अशा रंगाने रंगविले. वजनाचा प्रश्न मला सर्वांत उद्बोधक वाटला. लांबी ७६.२ पट कमी झाली की वजन ७६.२ च्या घनाने, म्हणजे सुमारे ४,४२,००० पट कमी होते, आणि साडेसत्तावीस टनांचे इंजिन हिशेबाने अवघे ६३ ग्रॅम भरते. एवढ्या हलक्या अंगाने चाके जागच्या जागी फिरतात, गाडी हलत नाही. म्हणून टाक्यांत आणि बॉयलरात शिसे भरावे लागते. येथे नवशिक्यास एक इशारा द्यावासा वाटतो: शिशाचे छर्रे पांढऱ्या डिंकाने कधीही चिकटवू नयेत. त्यांची रासायनिक क्रिया होऊन शिशाचा क्षार तयार होतो, तो फुगतो आणि काही वर्षांनी सुबक टाकी आतून फुटते. मी स्वतः एक इंजिन या अज्ञानापायी गमावले आहे, आणि त्या इंजिनाची आठवण अजूनही मनाला टोचते.

रेघा आखण्याचे काम सर्वांत शेवटी येते, आणि तेथे मनुष्याचा श्वासदेखील आड येतो. खऱ्या इंजिनावरील अर्ध्या इंचाची रेघ या प्रमाणात मिलिमीटरच्या एकषष्ठांश होते. नकाशे काढणाऱ्यांची दोन पात्यांची लेखणी घ्यावी, तिच्यात रंग नेमका इतपत पातळ करून भरावा की तो ओघळू नये आणि अडूही नये, आणि एका दमात हात फिरवावा. चुकले तर रंग ओला असतानाच टर्पेंटाइनने पुसावे आणि पुन्हा आरंभ करावा. एका बाजूच्या टाकीला मला तीन रविवार लागले.

या छंदाचा आपल्या मुलखाशी एक साक्षात् संबंध आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही, म्हणून थोडे विषयांतर करून सांगतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली आज कुर्डुवाडी म्हणतात त्या स्थानकापासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, जी १९०६ साली पंढरपूरला पोहोचली आणि जिने लाखो वारकऱ्यांना विठोबाच्या पायांशी नेले. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, या एका नियमावर कॅलथ्रॉपने सारी इंजिने, डबे व वाघिणी बेतल्या, आणि त्या हिंदुस्थानात येण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे रूळ टाकून चालवून दाखविल्या. तेथे मिळालेल्या नावलौकिकावर त्याला स्टॅफर्डशायरमधील लीक अँड मॅनिफोल्ड या डोंगरी रेल्वेचे काम मिळाले. १९०४ साली उघडलेल्या या मार्गासाठी लीड्सच्या किट्सन कारखान्याने, बार्शीची इंजिने ज्यांनी घडविली होती त्यांनीच, जी दोन इंजिने बांधली, त्यांच्या कपाळावर वसाहतींतील इंजिनांसारखे भलेमोठे दिवे होते. इंग्लंडच्या हिरव्यागार दरीत ते दिवे परमुलखातून आलेल्या पाहुण्यासारखे दिसत. त्यांपैकी एकाला खुद्द कॅलथ्रॉपचेच नाव होते. ही रेल्वे नॉर्थ स्टॅफर्डशायर कंपनी चालवीत असल्याने ती एकत्रीकरणपूर्व युगाच्या संग्रहात हक्काने बसते, आणि १९३४ साली ती बंद पडली तरी तिच्या इंजिनांच्या प्रतिकृती करणाऱ्यांची परंपरा खंडित झालेली नाही. फुटाला सात मिलिमीटर या प्रमाणात अडीच फूट म्हणजे साडेसतरा मिलिमीटर. दुकानातील साडेसोळा मिलिमीटरचे रूळ तेथे जवळपास चपखल बसतात. ज्याला सोलापूर जिल्ह्यातील माळरानाचे आणि इंग्लंडच्या डोंगरदरीचे नाते एका फळीवर मांडून पाहावयाचे असेल, त्याने या इंजिनापासून आरंभ करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आता त्या पिवळ्या रंगाविषयी, कारण सारा वाद शेवटी तेथेच येऊन ठेपतो. स्ट्राउडली या रंगाला ‘सुधारित इंजिन-हिरवा’ म्हणत असे! तो रंगांध होता अशी आख्यायिका इंग्रजी रेल्वेसाहित्यात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. मला ती पटत नाही. रंगाच्या कडेला गर्द हिरवी पट्टी इतक्या विवेकाने योजणाऱ्या आणि मालगाड्यांच्या इंजिनांना वेगळा, खरोखरच हिरवा रंग देणाऱ्या मनुष्याला पिवळा व हिरवा यांतील भेद कळत नव्हता, हे कसे मानावे? पण हा रंग नेमका कोणत्या छटेचा होता, याची साक्ष कोणाकडून काढावयाची, हा प्रश्न उरतोच. छायाचित्रे येथे फितूर साक्षीदार आहेत. त्या काळच्या काचांवरील रासायनिक लेप निळ्या प्रकाशाला भरपूर आणि पिवळ्या-तांबड्याला फारच कमी प्रतिसाद देई, त्यामुळे कॅलेडोनियनचे निळे इंजिन छायाचित्रात पांढुरके आणि ब्रायटनचे पिवळे इंजिन काळसर उमटे. सर्व रंगांना सारखा न्याय देणाऱ्या काचा १९०६ नंतर बाजारात आल्या, आणि मार्शने तर त्याच्या आदल्याच वर्षी पिवळा रंग बंद करावयास आरंभ केला होता. भरीस भर म्हणजे कारखान्याच्या दप्तरी ठेवावयाच्या छायाचित्रासाठी कित्येक कंपन्या इंजिनाला मुद्दाम राखी रंग फासत, म्हणजे बारकावे स्पष्ट यावेत. आणि तसे छायाचित्र पाहून इंजिन राखी रंगाचे होते असे समजणारे आजही भेटतात. आधार उरतो तो जुन्या रंगकाम-नोंदींचा, इंजिनांच्या अंगावर नव्या रंगाखाली सापडणाऱ्या पापुद्र्यांचा, आणि यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातील दोन इंजिनांचा. त्यांपैकी ‘ग्लॅडस्टन’ हे स्ट्राउडलीचेच मोठे इंजिन १९२७ साली स्टीफन्सन लोकोमोटिव्ह सोसायटीच्या सभासदांनी पदरमोड करून मोडीतून वाचविले आणि जुन्या रंगात उभे केले. मूळ रंग ज्यांनी डोळ्यांनी पाहिला होता अशी माणसे तेव्हा हयात होती, म्हणून मी त्या रंगाला अधिक मान देतो. दुसरे ‘बॉक्सहिल’, १८८० सालचे टेरियर, ज्याची धूम्रपेटी कधीच लांबविली गेली नाही. आणि एवढे करूनही ती छटा जशीच्या तशी प्रतिकृतीवर लावून चालत नाही. तीन फुटांवरून पाहिलेली प्रतिकृती म्हणजे सव्वादोनशे फुटांवरून पाहिलेले खरे इंजिन, आणि तेवढ्या अंतरावर हवेच्या पडद्याने प्रत्येक रंग किंचित फिका पडतो, म्हणून मी त्यात पांढऱ्याचे दोन थेंब टाकले.

काम संपले असे वाटत असता एक गोष्ट राहून गेल्याचे ध्यानात आले. स्ट्राउडलीच्या अमदानीत प्रत्येक इंजिन एकाच चालकाच्या हवाली केलेले असे, आणि त्या चालकाचे नाव केबिनच्या आतल्या बाजूस रंगविलेले असे. इंजिन लखलखीत ठेवण्याची जबाबदारी आणि मान ही दोन्ही त्या नावाला चिकटलेली असत. प्रतिकृतीवर छत बसविले म्हणजे आतले काहीच दिसत नाही. तरीही छत चिकटविण्यापूर्वी, घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग लावून आणि दोन केसांचा कुंचला घेऊन, मी आत सोनेरी रंगात नावाच्या आकाराची एक इवलीशी ओळ काढली, ती वाळू दिली, आणि मग छत बसविले.